रिकाम्या पिशवीतलं पान

लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी वहिनीला स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी आणखी एक बरणी दिसली. तोंडाला पातळ फडकं बांधलेलं आणि आत नुसत्या वाळक्या काटक्या. नवी सून म्हणून हुशारी दाखवायला तिनं ती कचऱ्यात टाकण्यासाठी उचलली, तोच तिची एवढीशी नणंद आतून धावत आली आणि बरणीला मिठी मारून ओरडली, "वहिनी, नको! आत बिऱ्हाडं आहेत!"

बिऱ्हाडं खरोखरच होती. काटक्यांवर गाठी होत्या, आणि प्रत्येक गाठीत गादमाशीची एकेक अळी. ही माशी तिळाहूनही लहान, दिसायला डासाची लांबची बहीण. कोवळ्या पानावर नाहीतर कळीवर अंडं घालते. अळी आत शिरली की झाडच तिच्याभोवती फुगतं, गाठ होते. मग अळी आत बसून खाते, झोपते, मोठी होते. भाडं नाही, पाणीपट्टी नाही. पंख फुटले की बाहेर येते, एखाद-दुसरा दिवस जगते आणि संपते. तेवढ्या वेळात ती काही खातसुद्धा नाही.

वहिनीचा नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. घरी आला की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. गल्लीत त्याला माशीमास्तर म्हणत आणि ओघानं हिला माशीवाल्या वहिनी. गादमाश्यांची कुळं ढीगभर, पण त्यानं धरलं होतं एकच, अगदी लहानसं, मोजून पाच जातींचं. या पाचांना एकमेकींपासून ओळखायचं कसं, यात त्याचं तारुण्य गेलं. माशी क्षारात उकळून पारदर्शक करायची, काचेवर बसवायची, मग तिच्या मिशीचे मणी मोजायचे, तोंडाजवळच्या बोटकुळ्या मोजायच्या, नख्या वाकड्या की सरळ ते बघायचं. मग प्रश्नांची एक मालिका असे. मिशीचा मणी त्याच्या बारीक मानेपेक्षा लांब आहे का? असेल तर तिसऱ्या प्रश्नाकडे जा. नसेल तर खाली. असं विचारत विचारत शेवटी नावापाशी पोचायचं. या मालिकेला घरात 'किल्ली' म्हणत.

"सासरची माणसं ओळखायला मला वर्ष लागलं," वहिनी बायकांत सांगायची, "आणि यांना एक माशी ओळखायला दोन. बरं, ओळखून घरात आणतात का, तर तेही नाही. उकळतात!"

नणंदेला सगळे खार म्हणत. झाड दिसलं की ही वर. तिला बघायला एकदा पाहुणे आले, तर ही मागच्या नाल्याकाठच्या वाळुंजाच्या झाडावर. खाली उतरली ती केसात पाचोळा घेऊन. पाहुण्यांनी चहा घेतला आणि परत निरोप पाठवला नाही. पुढे ती शाळेत विज्ञान शिकवू लागली, आणि लग्नाचं बोलणं हळूहळू बंद झालं. वहिनीला मूल झालं नाही. सुरुवातीला तिनं देवाकडे पुष्कळ मागितलं, नंतर मागणं सोडलं. खारीची वेणी घालता घालता तिचे हात भरलेले असायचे. चाळिशीला आली तरी खार रविवारी न्हाऊन आली की वहिनीपुढे पाठ करून बसायची. "ओढू नका हं, मी आता बाई आहे." "बाई असशील शाळेत," वहिनी म्हणायची आणि मुद्दाम ओढायची.

त्याच वाळुंजावर खारीला त्या गाठी सापडल्या. थंडी सरताना कळ्या फुगून गोल झालेल्या, जणू झाडाला मणी लगडलेत. तिच्या माशीमास्तर दादानं त्यातून निघालेल्या माश्या दोन वर्षं उलटसुलट तपासल्या. किल्लीत त्या कुठेच बसेनात. शेवटी एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, चष्मा कपाळावर.

"खारे, ही सहावी. नवीनच आहे. तुझंच नाव ठेवतो."

"माझं? खार?"

"हो. बाईच्या नावावरून ठेवायचं तर पुढे एक लॅटिन शेपूट लावावं लागतं."

"लाव बाबा. झुपकेदार लाव, नाहीतर लोक उंदीर म्हणतील."

तिघं हसत सुटली. छापील लेख आला तेव्हा ज्या पानावर ते नाव होतं, ते वहिनीनं चौकटीत बसवून खारीच्या खोलीत लावलं. सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की तिचे हात जाता जाता त्या चौकटीपुढेही जोडले जायचे. तिचं तिलाही ते कळत नसे.

"वहिनी, देवाच्या रांगेत माशी बसवलीत!"

"माशी नाही गं. तू."

मग खार आजारी पडली. रक्ताचा आजार. आधी थकवा, मग ताप, मग हिरड्यांतून रक्त. शाळा सुटली. डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि मग दादाला बाजूला घेऊन हात टेकले. "काही महिने धरून चाला," म्हणाले. वहिनीनं तिची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली. तिथून वाळुंजाचं झाड सगळं दिसायचं, जवळची फांदी तर हाताच्या अंतरावर.

पडल्या पडल्या खार झाडाकडे बघत राही. एक दिवस दादा कॉलेजातून आला तशी तिनं त्याला खाटेशी बसवलं.

"दादा, मला एक सांग. माझी माशी कळीतून बाहेर येते कधी?"

"पानं फुटल्यावर."

"तेव्हा झाडावर कळ्या असतात?"

"नसतात. सगळ्या उमललेल्या असतात."

"आणि ही जगते दीड दिवस. मग ही बया अंडी घालते कुठे?"

दादा बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. वहिनी दारात पीठ चाळत उभी होती, तिचाही हात थांबला.

"त्याच झाडाच्या पानावर उन्हाळ्यात बारक्या गाठी येतात," खार म्हणाली. "त्यातली माशी वेगळी, शंभर वर्षांपूर्वी कुणी नाव दिलेली. ती बाहेर येते केव्हा? पुढच्या वर्षाच्या कळ्या धरायला लागतात तेव्हा. मला वाटतं, माझी कळीतली आणि ती पानावरची, दोन्ही एकच. आई कळीतून आलेली, लेक पानातून."

"खारे, दोघींच्या मिश्या वेगळ्या आहेत. मणी लांब आहेत तुझ्या माशीचे. अंगानंही मोठी."

"कळीत पोटभर जेवते, पानात अर्धपोटी राहते. मी मागच्या वर्षी कशी होते आणि आज कशी आहे बघ. म्हणून मी काय दोन बायका?"

दादानं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"एकच निघाली तर तुझं नाव जाईल," तो म्हणाला. "जुनं नाव राहतं, नवं पडतं. नियम आहे."

"जाऊ दे की!" खार म्हणाली आणि तिला खोकला आला.

ते 'जाऊ दे की' वहिनीला खरं वाटलं नाही. तिला वाटलं, भावाला वाईट वाटू नये म्हणून पोरगी तोंड हसरं ठेवतेय. या जगात तिचं म्हणून दुसरं आहे काय? ना संसार, ना मूल. एक नाव आहे चौकटीत. तेही स्वतःच्या हातानं पुसायला निघाली आहे.

पण बहीणभावाचं ठरलं. पिशव्या मात्र वहिनीलाच शिवाव्या लागल्या. पातळ कापडाच्या, उशीच्या अभ्र्याएवढ्या दोन. गाठ नसलेल्या कोवळ्या पानांच्या दोन फांद्या निवडून दादानं एकेकीवर एकेक पिशवी चढवली. एकीत बरणीतल्या, कळीतून नुकत्या निघालेल्या माश्या सोडल्या. दुसरी रिकामीच बांधली.

"रिकामी कशाला?" वहिनीनं शिडी धरता धरता विचारलं.

खिडकीतून खार म्हणाली, "वहिनी, भरलेल्या पिशवीत गाठी आल्या, तर कुणी म्हणेल आधीपासूनच पानात काही होतं. रिकामीत आल्या नाहीत तर तोंड बंद. रिकामी पिशवी साक्षीदार आहे."

नंतर दादाला बाहेरगावी जायचं होतं. ती जुनी माशी ज्या काचेवर शंभर वर्षं बसली होती, ती काच दूरच्या एका संग्रहालयात होती. असला मूळ नमुना टपालानं कुणी पाठवत नाही. तो जायला तयार होईना.

"तू इथे बसून काय माझी नाडी मोजणार?" खार त्याला म्हणाली. "जा. येताना उत्तर घेऊन ये. पिशवीकडे वहिनी बघतील."

तो गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दिवा लावला की वहिनी हात जोडून म्हणे, "देवा, पानं स्वच्छ राहू देत." जन्मभरात देवाकडे तिनं इतकं लहान मागणं केलं नव्हतं. एवढं तरी देईल असं तिला वाटे. मग स्टुलावर चढून ती पिशवीची दोरी सोडी, आत बघे, पुन्हा बांधी. खिडकीतून आवाज येई, "काही उठलं का?"

"नाही गं."

"उठेल. घाई नाही त्यांना." आणि लगेच, "मला आहे!" असं म्हणून ती हसे. वहिनीला ते हसणं ऐकवत नसे.

एका सकाळी पिशवी उघडली, तर पानांच्या पाठीवर गाठी होत्या. मोहरीएवढ्या, फिकट हिरव्या, शिरेच्या कडेनं ओळीत बसलेल्या. तिनं बोट फिरवलं, टणक लागल्या. दुसरं पान बघितलं, तिसरं बघितलं. सगळीकडे. मग तिनं घाईघाईनं रिकामी पिशवी उघडली. तिथली पानं धुतल्यासारखी स्वच्छ, चकचकीत.

तिला सगळं समजलं. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर न समजून जाते कुठे? किल्लीतला एक प्रश्न गळणार, चौकटीतलं नाव पडणार.

"वहिनी? काही उठलं का?"

स्टुलावर उभ्या उभ्याच वहिनीनं दोरी आवळली.

"नाही गं. पानं स्वच्छ."

ती उतरून खोलीत गेली तर खार छताकडे बघत होती.

"दिवस तर भरले आता," ती म्हणाली. "यायला हव्या होत्या."

"नाही आल्या तर बरंच की. म्हणजे तुझी माशी तुझीच."

खारीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला एक पान आणून दाखवता का? भिंगातून बघते. कधी कधी फार बारीक असतात, तुमच्या नजरेतून सुटतील."

वहिनी पुन्हा स्टुलावर चढली. भरलेल्या पिशवीच्या दोरीकडे तिचा हात गेला आणि तिथून सरकून पलीकडे गेला. रिकाम्या पिशवीतलं एक पान तिनं खुडलं. चांगलं मोठं, बिनडागाचं. ते आणून खारीच्या हातावर ठेवताना तिच्या मनात आलं, देवा, हे पोरीसाठीच आहे, तू बघतोयस ना.

खारीनं भिंग डोळ्याला लावलं. भिंग पेलत नव्हतं, म्हणून वहिनीनंच तिचं मनगट धरलं. पानाची पाठ, पोट, प्रत्येक शीर ती बघत राहिली. मग भिंग उशीवर पडलं.

"चुकलेच मी."

"बरं झालं बाई!"

"मग ती जाते कुठे, वहिनी?"

त्या दिवसापासून तिचा एकच विचार. ती जाते कुठे? नाल्याच्या गवतावर बघा ना. मुळाशी माती उकरून बघा. समोरच्या कुंपणाच्या झुडपावर काही फुगलंय का? वहिनी जाऊन यायची, खोटं खोटं वाकून बघायची आणि येऊन सांगायची, काही नाही. एका खोट्याच्या पाठीवर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. देवापुढे दिवा लावताना आता तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. वात पेटवून ती नुसती उभी राही.

खार खायचं सोडून देत चालली. पेज दिली तर दोन चमचे. एका संध्याकाळी वहिनी तिच्या केसांतून हळू हळू कंगवा फिरवत होती. वेणी घालण्याइतके केस उरले नव्हते.

"दादाला सांगा," खार म्हणाली, "माझ्या बोलण्यावर उगाच इतक्या लांब धावला. रागावू नको म्हणावं."

"तो कशाला रागावेल? वेडी आहेस."

"बाकी सगळं त्यानं शिकवलं हो मला. मणी मोजायला, चित्र काढायला, सगळं. हे एवढंच माझं मला सुचलं होतं. इथे पडून. वाटलं होतं, चला, एक तरी गोष्ट आपल्याला कळली, जी कुणालाच ठाऊक नव्हती." ती थांबली. "नव्हतीच कळली."

वहिनीचा कंगवा थांबला. ती म्हणाली, "अगं, पण नाव तर राहिलं ना तुझं! ते बघ."

खारीनं मान वळवून चौकटीकडे पाहिलं. पाहुण्यानं आणलेली, आपल्याला नको असलेली वस्तू बघावी आणि छान आहे म्हणावं, तसं.

"हो," ती म्हणाली. "राहिलं." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा कुठे वहिनीला आपण काय केलं ते कळलं. त्याच क्षणी सांगावं असं तिला वाटलं. पण खारीचे डोळे मिटले होते, श्वास संथ चालला होता. बऱ्याच दिवसांनी पोरीचा डोळा लागलाय, सकाळी सांगू, तिनं ठरवलं. सकाळी भरलेल्या पिशवीतलं पानच नेऊन हातावर ठेवू. रागावेल, ओरडेल. ओरडू दे. दोन शिव्या दिल्या तरी चालतील.

उजाडताच ती स्टुलावर चढली. गाठींनी सगळ्यात जास्त भरलेलं पान निवडलं. खोलीत आली तर खारीचे डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. अंग तापानं फणफणत होतं.

"खारे. ए खारे. बघ गं. आल्यात. तू बरोबर होतीस. मी खोटं बोलले, राणी. हे बघ, हात लाव."

तिनं पान खारीच्या तळव्यात ठेवलं, तिची बोटं त्यावर मिटवली, एकेका गाठीवरून फिरवली. सोडली की बोटं उघडत होती. वहिनीनं ती पुन्हा मिटवली. कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा पुन्हा सांगितलं, आधी हळू, मग मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या. खारीचा चेहरा हलला नाही.

डॉक्टर येऊन गेले. दादाला फोन गेला. तो मिळेल त्या गाडीनं दुसऱ्या सकाळी पोचला, बूट न काढताच खाटेशी बसला. "खारे, काचेवरून काही ठरत नाही गं," तो तिला सांगत होता. "एकटी मादी आहे, तीही मोडकी. सगळं तुझ्या पिशवीवर आहे." तिनं ऐकलं असेल, नसेल. दुपार कलायच्या आत ती गेली.

तिला पोचवून आल्यावर घर माणसांनी भरलं. शाळेतल्या बाया आल्या, गल्लीतले लोक आले. शेजारच्या काकूंनी चौकटीकडे बघून पदर डोळ्याला लावला. "नाव तरी मागे राहिलं हो पोरीचं." वहिनी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली.

माणसं पांगल्यावर दादानं शिडी काढली. वहिनीला ती भिंतीला लागल्याचा आवाज आला आणि ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यानं आधी रिकामी पिशवी उघडली, मान हलवली. मग दुसरी उघडली. एकेक पान उलटून बघितलं. मग शिडीवरच हमसून हमसून रडायला लागला, आणि रडता रडता हसत होता.

"अगं, आल्यात! ओळीनं आल्यात! जिंकली गं ती. मी इतकी वर्षं डोळे फोडले आणि मला हे सुचलं नाही." त्यानं वळून खाली पाहिलं. "कधी उठल्या? तिनं पाहिलं ना? तू दाखवलंस ना तिला?"

वहिनीनं दाराची चौकट धरली.

"दाखवलं," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

हो म्हणाली, हसली, एवढं सांगून टाकलं असतं तर तो सुखानं रडला असता. शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. पण असाच एक सुखाचा शब्द तिनं आधी दिला होता.

"मी रिकाम्या पिशवीतलं पान दाखवलं," ती म्हणाली. "तिचं नाव जाऊ नये म्हणून. खरं सांगितलं तेव्हा तिला शुद्ध नव्हती."

त्याचा एक हात शिडीच्या पायरीवर, दुसरा पिशवीच्या तोंडावर.

"मग तिला काय वाटलं शेवटी?"

"चुकले, म्हणाली."

नाल्याकडून वारा आला, सोडलेली रिकामी पिशवी फुगली आणि पडली. वहिनीला वाटलं, हा आता ओरडेल. नाहीतर खाली उतरून निघून जाईल. दोन्ही तिला चाललं असतं. पण त्यानं खिशातून कात्री काढली, कारण गाठी धरलेली पानं वाळायच्या आत कापायला हवी होती. आतल्या माश्या वाढवून, बाहेर आल्यावर त्यांच्या मिश्या मोजायच्या होत्या. त्याशिवाय तिचं म्हणणं कुणी मानलं नसतं.

"बरणी घेऊन ये," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तिनं आणली. शिडीखाली उभी राहून ती दोन्ही हातांनी वर धरली. तो एकेक पान देठाशी कापून आत सोडत होता.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "गाठी फुटतील."

तिनं बरणी शिडीच्या पायरीवर टेकवली आणि तिला मिठी मारून धरली.